उभ्या बाटल्या

ज्ञानू बटलरनं जांभळाची वाइन पहिल्यांदा बाटलीत भरली, तेव्हा तिचं बूच जे उडालं ते पंधरा कोसांवर मुरगूडच्या बाजारात एका म्हशीच्या शिंगात अडकलेलं सापडलं, असं रंकाळ्याकडची माणसं शपथेवर सांगत. त्या म्हशीनं त्या दिवशी दोन शेर दूध जास्त दिलं, असंही सांगत. दुधाचं कदाचित खोटं असेल. बूच उडालं हे मात्र खरं, कारण ज्ञानूच्या छपराचं एक कौल तेव्हापासून फुटकं होतं आणि पावसाळाभर त्याखाली एक भगुलं ठेवावं लागायचं.

महाराजांना गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. ज्ञानू एका पिंकनी नावाच्या साहेबाच्या बंगल्यावर सत्तावीस वर्षं बटलर होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं ज्ञानूला तीन गोष्टी दिल्या: रिकाम्या बाटल्यांची पेटी, पोतंभर बुचं, आणि बूच ठोकायचं एक लाकडी यंत्र. चौथी गोष्ट साहेबानं दिली नाही, ती ज्ञानूनं आपणहून आणली. ती म्हणजे साहेबाच्या टेबलावरचा कायदा. बाटली फोडली की पहिला घोट ज्याला पाजायचं त्याच्या पेल्यात. त्यानं चाखायचा, मान हलवायची, मग बाकीच्यांनी प्यायचं. ओतणाऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता ज्ञानूच्या घरात ओतणारा एकच होता, आणि चाखणारा कुणी नव्हता. त्यामुळं सात वर्षं झाली, दरसाल दिवाळीनंतर तो वाइन भरत होता, आणि त्या वाइनचा एक थेंब त्याच्या जिभेला लागलेला नव्हता.

आधी असं नव्हतं. पहिल्या साली त्यानं बाटल्या भरल्या तेव्हा बायको बायडाबाई चुलीपुढं बसून हसत होती.

"असला काढा कोन पितंय? यंदा न्हाई बाई. म्होरल्या साली घीन एक घोट, मुरू दे जरा."

ज्ञानूनं लगेच खळीनं चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'बायडाबाई'. दुसरीवर लिहिलं 'जोतीराम', तो भाऊ. तिसरीवर 'हंबीरराव', तो शेजारचा पैलवान. त्याच्या फेट्याला त्या उडत्या बुचाचा वारा लागला होता, म्हणून त्याचा हक्क.

म्होरलं साल आलं ते गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, घेऊन आलं. शहर रिकामं झालं, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. ज्ञानू तेव्हा दुसऱ्या एका साहेबाच्या हंगामी चाकरीवर महाबळेश्वरला होता. दोन महिन्यांनी परत आला तर तिघांपैकी कुणीच नव्हतं. कुठं जाळलं हेही नीट सांगता येईना. एक म्हणाला त्या बाजूला, दुसरा म्हणाला ह्या बाजूला. ज्ञानू दोन्ही बाजूंना जाऊन उभा राहून आला.

तेव्हापासून तो दरसाल तीन बाटल्या भरायचा. पन्हाळ्याकडची जांभळं आणून रांजणात कुस्करायची, फडकं बांधून ठेवायची, रस निवळला की नरसाळ्यानं बाटलीत घ्यायचा, बूच ऊन पाण्यात भिजवून यंत्रात घालायचं आणि दांडा दाबायचा. वर लाखेचा शिक्का. मग चिठ्ठी. दरसाल तीच तीन नावं. फळीवर एकवीस बाटल्या झाल्या. ज्ञानू सकाळी उठला की त्यांना दूध आलं का, ऊन किती पडलंय, असलं काहीबाही सांगायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, बाटल्या उलट उत्तर देतात. देत नव्हत्या. तीच तर पंचाईत होती.

त्या साली ज्ञानूला वाटायला लागलं, आपण मेलो तर ही वाइन कशी झाली होती हे जगात कुणालाच कळणार नाही. त्यानं गल्लीत एकेकाला बोलावून पाहिलं. एकाचा उपास निघाला, दुसऱ्याची बायको आडवी आली, तिसरा म्हणाला, "मेलेल्यांच्या नावाची बाटली मी कशाला पिऊ रं बाबा?"

शेवटी ज्ञानूनं बटलरी डोकं चालवलं. कोरा कागद घेतला आणि अबकारीच्या कचेरीला अर्ज लिहिला: 'ज्ञानू बटलर याचे घरी चोरून दारू आहे. सरकारने येऊन चाखून खात्री करावी. कळावे, एक हितचिंतक.'

कुणी आलं नाही. त्यानं दुसरा अर्ज केला. तिसऱ्यात 'फार दारू आहे' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी अबकारीचे दिलदार जमादार दारात उभे राहिले. मोठ्या मिशा, खांद्यावर पट्टा, आणि चालून चालून लाल झालेले डोळे. ज्ञानू तेव्हा त्या सालची पहिली बाटली भरत होता. त्यानं नरसाळं खाली ठेवलं, धुतलेला रुमाल हातावर घेतला आणि कमरेत वाकला.

"या, या जमादारसाहेब. लई वाट बगायला लावली."

"वाट?" जमादार आत आले. "अरे, ज्याच्या घरावर छापा पडतो तो मागच्या दारानं पळतो. तू रुमाल घेऊन उभा?"

"मागचं दार न्हाई, साहेब."

जमादारांनी फळीकडं बघितलं. मग खिशातून तिन्ही अर्ज काढून चिठ्ठ्यांशेजारी धरले. एकदा अर्ज, एकदा चिठ्ठी, एकदा ज्ञानू.

"हा हितचिंतक आणि तू एकाच शाळेत होतात काय रे? अक्षर तर एकच हाय."

ज्ञानूनं मान खाली घातली.

"तुरुंगात जायची हौस हाय का तुला?"

"न्हाई. पर कोन येतच न्हाई की हो. तुमाला तरी यावंच लागतंय."

जमादार स्टुलावर बसले. "काढ एक," म्हणाले. "पण आधीच सांगतो, मी मुसलमान माणूस. दारू पीत न्हाई. वास घेऊन कळतंय मला."

ज्ञानूचा चेहरा पडला. सात वर्षांनी एक माणूस आला, तोही न पिणारा. तरी त्यानं कायदा मोडला नाही. सगळ्यात जुनी, हंबीररावाच्या नावाची बाटली उतरवली, लाख फोडली, बूच ओढलं. ते उडालं नाही. वाळलेल्या शेंगेसारखं कुरकुरत, तुकडे होत बाहेर आलं. त्यानं साहेबाच्या वेळच्या एकुलत्या काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली आणि पेला पुढं केला.

जमादारांनी नाक खाली नेलं. नाक आक्रसलं, मग मिशी हलली, मग अख्खा जमादार हलायला लागला. हसत होता.

"अरे बाबा, आंबून सिरका झालाय हिचा! पक्का सिरका!" त्यांनी थेंबभर तळहातावर घेतला, जीभ लावली, डोळे मिटले. मग पेला उचलून सरळ एक घोट घेतला आणि मान हलवली. "वा! माझी मेहमुदा बाजारातनं असला आणायला सांगती आन मला मिळत न्हाई. आमच्यात सिरका लई चांगला मानत्यात."

मान हलली होती. आता ज्ञानूचा नंबर. त्यानं बाटलीतलं थोडं पितळी फुलपात्रात घेतलं आणि सात वर्षांनी पहिल्यांदा चाखलं. डोळ्यांत पाणी आलं. ते सिरक्याचंच होतं, असं तो नंतर म्हणायचा.

"आंबट हाय," तो म्हणाला.

"मग काय हुईल? उभ्या ठेवल्यास की! पकडलेल्या दारवा आमच्या गोदामात असत्यात, त्या बी आडव्या ठेवतो आम्ही. बूच भिजलेलं ऱ्हातंय, वारा शिरत न्हाई. जलमभर बटलरकी केलीस आन एवढं म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय."

"मग?"

ज्ञानू रुमालाची घडी घालत राहिला. घडी झाली तरी घालत राहिला.

"त्यावर नाव हाय की हो. बायडाला मी आडवी बगितली न्हाई. मी न्हवतोच इथं. आता मीच कशी आडवी करू तिला?"

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर कुणीतरी म्हैस हाकत गेलं, तिची घंटा लांब गेली.

"कांदा हाय का घरात?" जमादारांनी विचारलं.

कांदा होता. भाकरीही होती. जमादारांनी कांदा बुक्कीनं फोडला, त्यावर हंबीररावाच्या बाटलीतला सिरका ओतला, मीठ टाकलं. दोघं जेवले. जमादार जेवताना मोठ्यानं बोलले, मेहमुदाबद्दल, तुटलेल्या वहाणेबद्दल, साऱ्या जगाबद्दल. ज्ञानू ऐकत राहिला आणि मधेमधे उगीच "व्हय की," म्हणत राहिला, म्हणजे ते थांबू नयेत.

उठताना त्यांनी कागदावर लिहिलं: 'दारू आढळली नाही. सिरका आढळला. उत्तम आहे.' जोतीरामाची एक बाटली ज्ञानूनं त्यांच्या काखेत दिली.

"म्होरल्या साली या परत."

"शाहूवाडीला बदली झाली रे माझी. सोमवारी निघायचं." त्यांनी दारातून मागं बघितलं. "येतो की. पण दारू केलीस तर पिणार न्हाई, आन धरून नेईन. सिरका असंल तर येतो."

पट्ट्याची करकर गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली. मग घरात परत फळी, एकोणीस बाटल्या आणि ज्ञानू.

त्यानं उरलेला रस भरला. तीन बाटल्यांवर तीन नावं चिकटवली आणि त्या फळीवर उभ्या ठेवल्या. त्या तो कधी आडव्या करणार नव्हता. रांजणाच्या तळाशी अजून एक बाटलीभर रस निघाला. ज्ञानूनं बूच यंत्रात घातलं, दांडा दाबायला घेतला आणि अर्ध्यातच थांबला. पिंकनी साहेबानं बघितलं असतं तर बंगल्यावरनं हाकललं असतं. बूच अर्धंच आत, वारा शिरायला ऐसपैस वाट. लाखही लावली नाही. चिठ्ठीवर सावकाश लिहिलं, 'दिलदार जमादार', आणि बाटली खिडकीत, उन्हात, उभी ठेवली.

मग त्यानं कोरा कागद घेतला. शाहूवाडीच्या अबकारीला अर्ज लिहिला: 'ज्ञानू बटलर याचे घरी पुन्हा काहीतरी आहे. येऊन चाखावे.' खाली 'एक हितचिंतक' लिहिलं. तारीख पुढल्या दिवाळीची घातली. कागदाची घडी बाटलीखाली सारली, आणि तो खिडकीशी, बुचाकडं बघत बसला.