चित्रातला एनॉक

शनिवारी दुपारी रॉसबर्नच्या जुन्या थिएटरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तशी गिरणीतली माणसं घरी न जाता, केसांतल्या कापसासकट, थेट इकडेच लोटली होती. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. प्रोफेसर ऑर्कच्या चित्रात मेलेली माणसं येऊन उभी राहतात!

चित्र रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. क्रॉशॉ गिरणीची बॉयलरखोली, स्फोटानंतरची. विटांचे ढीग, वाकलेले नळ, काळवंडलेल्या भिंती. माणूस मात्र एकही नाही.

"दुःखी जीवांनो!" प्रोफेसरनं हात पसरले. "मी कोण? मी फक्त दरवाजा! कितीतरी आत्मे सध्या माझ्या छातीत मुक्कामाला आहेत. म्हणून तर जिना चढताना मला धाप लागते!"

कुणीही हसलं नाही.

डॉर्कस हॅवर्थ पुढच्या बाकावर बसली होती. तिचा नवरा एनॉक त्याच खोलीत बॉयलर सांभाळायचा. बॉयलर फुटला आणि त्याच्यासकट बरीच माणसं गेली. सोमवारी कॉरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी होती. बॉयलरच्या पत्र्याला भेग पडल्याचं एनॉकनं मालकाला सांगितलं होतं आणि मालकानं ते कानाआड केलं होतं, हे शपथेवर सांगायला गावात एकटी डॉर्कस तयार होती.

पुढचे गॅसचे दिवे मंदावले. चित्रातल्या भिंती धुरकट झाल्या आणि विटांच्या ढिगाऱ्यातून हळूहळू माणसं उमटू लागली. आधी एक खांदा, मग एक चेहरा. मधोमध, हातात फावडं धरलेला एनॉक.

सगळं थिएटर कण्हल्यासारखं झालं. डॉर्कसला भीतीपेक्षाही तो पुन्हा दिसल्याचं सुख जास्त झालं होतं.

"डॉर्कस..." चित्रातून खोल आवाज आला. "चूक माझीच होती. मला डुलकी लागली. मालकांचा दोष नाही. सोमवारी तोंड उघडू नकोस, नाहीतर मला शांती मिळणार नाही."

मागून म्हातारी टॅटरसॉल किंचाळली. तिचा एकुलता एक मुलगा त्याच स्फोटात गेला होता. "ऐकलंस का गं सटवे? तुझ्या झोपाळू नवऱ्यानं माझा लेक खाल्ला!"

"हाकला तिला गावाबाहेर!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. बाकं सरकली. माणसं उभी राहिली. डॉर्कसला त्यांचे श्वास मानेवर जाणवले.

शेजारी शाळेच्या ॲशवर्थ बाई बसल्या होत्या. त्या तिच्या कानाशी वाकल्या. "त्याला काहीतरी विचार पोरी. घरातलं, तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं. तोवर मी थिएटरच्या मागच्या अंगणात जाऊन येते." आणि त्या गर्दीतून वाट काढत निघाल्या.

डॉर्कस उभी राहिली. "एनॉक, आपली पहिली मुलगी गेली. तिचं नाव काय ठेवलं होतं रे आपण?"

चित्र गप्प.

"आत्म्यांना प्रश्न विचारू नयेत!" प्रोफेसर घाईनं म्हणाला. "दमतात बिचारे!" त्यानं खूण केली. पुढचे दिवे भरकन मोठे झाले आणि मेलेले विरून गेले.

तेवढ्यात रंगमंचामागे अडसर खडखडला. पडदे आत आणायचं मोठं दार बाईंनी अंगणातून सताड उघडलं होतं. दुपारचं ऊन पाठीमागून चित्रावर पडलं, आणि पुढचे दिवे ढणढणत असतानाच सगळे मेलेले एकदम दिसू लागले. कुणी हलेना, कुणी बोलेना. त्यांच्यामध्ये एक भलीमोठी सावली तेवढी धडपडत होती. तिच्या हातात पत्र्याचा कर्णा होता.

ॲशवर्थ बाईंनी चित्राच्या कापडाची कड ओढून बाजूला केली. मागे क्रॉशॉ गिरणीचा मुकादम पॉग्सन उभा होता.

"मालकांनी... मला पाठवलं म्हणून..." तो पुटपुटला.

"कापड बघा हे," बाई म्हणाल्या. "तुम्हीच विणता तसलं, पातळ सुती. समोरून रंगवलीय रिकामी खोली, पाठीवर रंगवलीत माणसं. पुढून उजेड पडला की खोली दिसते. पुढचा दिवा बारीक करून मागचा मोठा केला की पाठीवरची माणसं आरपार उमटतात. ही चित्रकला आहे, आणि चांगली चित्रकला आहे. फक्त तिच्या तोंडी या माणसानं खोटं घातलंय."

म्हातारी टॅटरसॉल रंगमंचावर चढली. पाठीवर रंगवलेल्या आपल्या लेकाच्या गालावरून तिनं बोट फिरवलं, मग बोटाला लागलेला रंग पाहत राहिली. प्रोफेसर तोवर बाजूच्या दारानं पसार झाला होता.

सोमवारी डॉर्कसनं साक्ष दिली. सगळी साक्ष होईतो तिचा हात धरून टॅटरसॉल शेजारी बसली होती. कॉरोनरनं स्फोटाचा ठपका मालकावर ठेवला. पण चौकशी चालू होती त्या वेळीही खाली दरीतल्या बाकीच्या गिरण्यांचे बॉयलर धडधडत होते, आणि त्यांतल्या कितींचे पत्रे धड आहेत हे कुणीही तपासलेलं नव्हतं.

म्हणून सांगणं एवढंच. नाटक बघा, चित्रं बघा, रडावंसं वाटलं तर मनसोक्त रडा. पण मेलेल्या माणसाच्या आवाजात कुणी तुम्हाला गप्प बसायला सांगू लागलं, तर जागेवरून उठा, मागे जा, आणि तिथे कोण उभं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.