शेंदराखालची चीर

मी थोरली. नाव विचाराल तर तेवढंच. बारामतीत महिपतराव मालकांच्या पत्र्याच्या शेडात विटांच्या थरांवर उभी असलेली, चाकं नसलेली लॉरी दिसली, की समजा तीच मी. या, बसा जरा. माझी गादी मात्र देता येणार नाही. तिच्यात मालकिणीची कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि ती फार खवट आहे.

सन एकोणीसशे अठ्ठावीस साली मी इथे आले, तेव्हा लोक मला हात लावून बघायचे. इंदापूरकडच्या गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपी भरायच्या आणि बारामतीच्या स्टेशनात आणून उतरवायच्या, हे माझं काम. बैलगाड्या वाटेत मुक्कामाला सुटलेल्या असायच्या आणि मी खेप टाकून परतही निघालेली असायची. माझ्या जिवावर मालकांचं बस्तान बसलं. मग मधली आली, मग धाकटी. तिघी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. तेच पुढे माझ्या मुळावर आलं.

माझं चाक म्हस्कूच्या हातात असे. शेळगावचा गडी. त्याच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, त्यामुळे मुक्या जिवाशी बोलायची घरचीच सवय. चढ लागला की म्हणायचा, "चल थोरले, दमलीस व्हय? वर गेल्याव पाणी पाजतो." आणि पाजायचाही. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

एकदा सुप्याच्या रस्त्यावर पुढचं चाक खड्ड्यात असं आदळलं की माझ्या पुढच्या आसाला, म्हणजे दोन्ही चाकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याला, केसाएवढी चीर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हस्कूने खाली वाकून बघितलं असतं तर त्याला ती दिसलीच असती. पण तो दिवस खंडेनवमीचा होता. म्हस्कू यायच्या आधीच मालकीण बानूबाई तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आल्या. "हिच्या पायानं आमच्या घरी लक्ष्मी आली," म्हणत त्यांनी आसावर शेंदूर थापला. पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा थापला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चीर आत राहिली. सगळं भक्तीपोटीच झालं, मग रागवायचं तरी कुणावर?

पुढे आम्ही तिघी म्हाताऱ्या झालो. एक दुरुस्त होते न होते तोच दुसरी बसायची. ऐन हंगामात लॉरी उभी राहिली की तिकडे गुऱ्हाळावर गूळ पाझरायला लागतो आणि व्यापारी दुसऱ्याची गाडी बघतो. सामान मुंबईहून मागवायचं तर पैसा जातो आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात. मालकांनी तोड काढली. "थोरलीचं काढा अन् मधलीला लावा."

आधी चाकं गेली, मग दिवे, मग इंजिनातलं एकेक. माझा भोंगासुद्धा धाकटीला लावला. रोज सकाळी ती माझ्या आवाजात ओरडत रस्त्याला लागते आणि मी इथे ऐकत राहते. मला चालवत नाहीत, कारण माझ्यात काही उरलं नाही. मोडीत देत नाहीत, कारण अजून थोडं उरलं आहे. माणसांच्या घरात अशी एखादी म्हातारी असते म्हणतात. तिला निदान बोलता तरी येतं.

मागच्या हंगामात मधलीचा पुढचा आस दगडावर आपटून वाकला. म्हस्कू आता मधलीवर होता. सिद्धू मिस्त्रीने माझ्यापुढे गुडघे टेकले आणि म्हणाला, "मालक, ह्यो शेंदूर खरवडून लोखंड बघाय पायजे."

मालकांनी कानाला हात लावले. "दसऱ्याचा शेंदूर हाय त्यो. खरवडतोस व्हय? गूळ पाझरतोय तिकडं. लाव हाय तसा."

"वैनींनी हातानं लावलाय," म्हस्कूही म्हणाला. "देवच बसलाय त्याच्यात. मला काय हुतंय?"

अरे बाबा, तुलाच होणार आहे! मी आत आत ओरडत होते. माझा एक पत्रासुद्धा वाजला नाही. त्यांनी आस काढला, मधलीला बसवला, आणि म्हस्कू जाताना माझ्या दारावर थाप मारून गेला.

त्यानंतर मी रोज फक्त मधलीची वाट बघायचे. ती फाटकातून आत आली की आजचा दिवस टळला असं म्हणायचे. भीती वाटायची ती म्हस्कूची. मधलीचं काय, ती लोखंड आहे.

एक दिवस ती आली नाही. शेळगावच्या अलीकडे ओढ्यात उतरताना आस मोडला, भरलेली लॉरी कलंडली आणि म्हस्कूचा पाय खाली सापडला. तो वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. मालकांनी त्याला शेडाचा राखणदार केला. आता तो माझ्याच सावलीत खाट टाकून पडतो. जाणारे-येणारे आम्हा दोघांकडे एकाच नजरेने बघतात.

मोडलेला आस इथेच पडून होता. एका दुपारी म्हस्कूने तो मांडीवर घेतला आणि खिळ्याने शेंदूर खरवडला. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत होता आणि अर्धा जुन्या गंजाने काळा, म्हणजे तेवढा कधीचाच चिरलेला. बराच वेळ तो त्यावर बोट फिरवत राहिला. मग त्याने मला विचारलं, "थोरले, तुला ठावं व्हतं न्हवं?"

त्याने बानूबाईंना हाक मारली आणि तो तुकडा दाखवला. त्यांनी काळा गंज पाहिला, वरचा शेंदूर पाहिला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तशाच आत गेल्या.

उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसायच्या आत काम उरकायचं म्हणून आज सकाळी मालक सिद्धूला घेऊन आले. धाकटीला माझे मागचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, हवे होते. माझ्यात कामाचं तेवढंच उरलं होतं. त्या पाट्यांवरही शेंदूर होताच. सिद्धूने पाना लावला, तेवढ्यात बानूबाई आल्या. हातात तबक नव्हतं. रॉकेलचा डबा आणि काथ्या होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आदी घासते."

"अगं, सणाच्या तोंडावर शेंदूर काढतीस?" मालक म्हणाले.

"मीच लावलाय. मीच काढनार. म्हस्कूभावजींचा पाय बघवत न्हाय मला."

पदर खोचून त्यांनी एकेक पाटा लोखंड दिसेपर्यंत घासला. रडतही होत्या. म्हस्कू खुरडत आला आणि त्याने अंगठा फिरवला. दोन पाटे गेले, तीन गेले. चौथ्यावर अंगठा थांबला.

"हाय. चीर हाय हितं."

मालक खाटेवर बसले. "म्हंजे हिच्यातलं काडन्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय आता."

"न्हाय मालक," म्हस्कू म्हणाला. "सोडा आता तिला."

दसरा झाला की भंगारवाल्याची बैलगाडी मला न्यायला येणार आहे. जिला मी वाटेत मागे टाकायचे, तिच्यातच बसून जायचं. जाऊ दे. इतकी वर्षं एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती कुणीतरी ऐकली.

तुमच्या घरीही माझ्यासारखं काही झिजत असेल, तर त्याची पूजा खुशाल करा. पण आधी नुसत्या लोखंडावरून अंगठा फिरवा. आणि निघताना तेवढी कोंबडी अलगद उचलून दुसरीकडे ठेवा, म्हस्कूला वाकता येत नाही.