हरिबाचा दंड आणि माझा हेवा

मी एक जुना घण आहे. वजनाने पाच शेर, रंगाने काळा, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मत्सरी. माझी गोष्ट ऐकताना हे ध्यानात ठेवा, म्हणजे मी कुठे चुकलो ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म घाटनांदुरातला. तेव्हा आमच्या मुलखावर निजाम सरकारचा अंमल होता आणि अंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. तिथल्या छावणीतला एक तोफगाडा मोडला आणि त्याच्या आसाचे लोखंड धुळाजी लोहाराच्या हाती आले. त्याने ते तीन दिवस तापवले, ठोकले, मधोमध भोक पाडून त्यात बाभळीचा दांडा बसवला, आणि मी तयार झालो. पुढे धुळाजी थकला तेव्हा त्याने मला आपल्या मुलाच्या, हरिबाच्या हवाली केले.

हवाली केले खरे, पण हरिबाच्या हातात मी कधी राहिलोच नाही. लोहारकामाची रीतच तशी आहे. लोहार डाव्या हाताने सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने कुठे ठोकायचे ते दाखवतो. घण घालतो तो समोरचा माणूस. हरिबाच्या समोर त्याची बायको बायनाबाई उभी राहायची. पदर खोचून ती मला डोक्यावरून फिरवायची आणि हातोडीने दाखवलेल्या जागी नेमका आणायची. तिच्या हाताबद्दल माझी तक्रार नव्हती. पण मालकाची मूठ त्या हातोडीभोवती असायची, आणि हातोडीचे वजन जेमतेम अर्धा शेर. ठोका माझा, घाम बायनाबाईचा, आणि परळी-धर्मापुरीकडचे गाडीवान चाकावर लोखंडी धाव चढवून घेताना म्हणायचे की हरिबाच्या हातोडीला तोड नाही. ते ऐकून मी भट्टीत न जाताही आतून लाल व्हायचो.

हरिबाचा एक जिवलग होता, मुंजाजी तेली. गावात घाणा चालवायचा. एका वर्षी त्याच्या हातातून बैलाचा दोर सुटू लागला. मग दंड वाळले, पोटऱ्या वाळल्या, आणि वाळलेल्या पोटरीवरची कातडी, डोळा लवावा तशी, आपोआप उडताना दिसायची. शेवटी जीभ जड झाली. हरिबा रोज संध्याकाळी जाऊन त्याला पेज भरवायचा. दीड वर्ष हे चालले आणि चैत्रात मुंजाजी गेला. त्याला खांदा देऊन आल्यावर हरिबाने त्या दिवशी भट्टी पेटवली नाही.

त्याच साली भाद्रपदात बायनाबाईला मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावरचे हे पहिले मूल. नाव ठेवले केसर. सारे घाटनांदूर पोरीला बघायला आले आणि मी कोपऱ्यात पडलो. बायनाबाई बाळंतीण, मग घण कोण घालणार? हातोडी मात्र मालकाच्या मुठीत तशीच होती. आता मला दोघींचा हेवा वाटू लागला, हातोडीचा आणि त्या वीतभर पोरीचा.

आश्विनात ज्वारीची पेरणी आली. सगळ्या शिवारातले फाळ आणि तिफणीचे फण हरिबाच्या दारात येऊन पडले. समोर घण घालणारे कोणी नाही, म्हणून तो एकटाच दिवस-दिवस हातोडी चालवत राहिला. घरात तान्हे लेकरू, त्यामुळे झोपही धड नव्हती. पेरणी संपली, आणि एका सकाळी तोंड धुताना त्याच्या उजव्या दंडावरची कातडी आपोआप उडाली. थांबली आणि पुन्हा उडाली.

हरिबाने तांब्या खाली ठेवला. मी त्याचा चेहरा पाहिला. त्याला समोर मुंजाजी दिसत होता.

तो भट्टीपाशी आला, इकडेतिकडे पाहिले आणि सरळ माझ्याकडे वळला. दांडा माझ्या डोक्याजवळ पकडून त्याने मला उचलले, हात पुढे ताठ केला आणि आकडे मोजू लागला. एकवीसपर्यंत मोजले, मला खाली ठेवले आणि मोठा श्वास सोडला. बळ शाबूत होते.

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. इतकी वर्षे ज्या मुठीसाठी मी झुरलो, ती माझ्याभोवती आली होती. हातोडी ऐरणीवर पडून बघत होती. दुपारी तो परत आला, संध्याकाळी परत. आठवड्याभरात दिवसातून दहा-बारा वेळा तो मला उचलू लागला. प्रत्येक वेळी एकवीस आकडे. मला वाटले, मालकाला माझी माया लागली.

पण दिवसातून बारा वेळा पाच शेर वजन ताठ हातावर तोलले, तर कोणाचाही दंड थरथरेल. हरिबाचाही थरथरू लागला. मग तो आणखी घाबरायचा आणि खात्री करायला मला आणखी एकदा उचलायचा. पुढे पोटरी उडू लागली, पापणी उडू लागली. तो घासलेल्या थाळीत जीभ बाहेर काढून बघायचा. एक सुतळी घेऊन दर सोमवारी दंडाचा घेर मोजायचा आणि गाठ मारायचा. त्या सुतळीचासुद्धा मला हेवा वाटला. माझ्या वाट्याचा वेळ ती घेत होती ना.

केसरला मात्र तो हात लावेना. बायनाबाई पोरगी पुढे करायची आणि हा हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. एकदा तिने कारण विचारले तर म्हणाला, "माझा हात कवा सुटंल त्याचा भरवसा न्हाई." बायनाबाई पोरीला घेऊन आत गेली. मी मात्र मनातल्या मनात म्हणालो, बरे झाले.

आता खरे ते सांगतो. हरिबाचा हात सुटणार नव्हता. हे साऱ्या गावात एकट्या मला ठाऊक होते. पहिल्या दिवशी जी पकड होती, तीच महिन्यानंतरही होती. ज्याला उचलतात त्याला उचलणाऱ्याचे बळ कळतेच. मला बोलता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी. पण बोलता आले असते तरी मी बोललो नसतो.

पौषात हरिबा मोमिनाबादला हकीमसाहेबांकडे गेला. आल्यावर त्याने बायनाबाईला सगळे सांगितले, तेव्हा मी शेजारीच होतो. हकीमसाहेबांनी दोन्ही दंड दाबून पाहिले, उकिडवे बसायला-उठायला लावले, पंजा लढवला. मग विचारले, मुंजाजीच्या हातून दोर सुटला होता, तुझ्या हातून आजवर काय सुटले? काहीच नाही, असे हरिबाला कबूल करावे लागले. अंग वाळलेले नाही, बळ पुरते आहे, दंड दमलाय आणि मन भ्यालंय, असे हकीमसाहेब म्हणाले. विश्रांती घे, तंबाखू कमी कर, रोज तपासत बसू नकोस.

चार दिवस हरिबा मोकळा वावरला. मला हातही लावला नाही, आणि मी त्या हकिमाच्या नावाने बोटे मोडत राहिलो. पाचव्या दिवशी त्याच्या मनात आले, हकीमसाहेबांनी डावा दंड नीट दाबला होता का? झाले. तो माझ्याकडे परत आला. पुन्हा मोमिनाबाद, पुन्हा चार दिवसांची उसंत. तिसऱ्या खेपेला हकीमसाहेबांनी त्याला बसवून घेतले आणि सांगितले की माझ्याजवळ दुसरे उत्तर नाही, आणि हेच उत्तर शंभरदा दिले तरी तुला पुरणार नाही. हरिबाने त्याचा उलटा अर्थ काढला. हकिमाने आशा सोडली, असे तो समजला.

माघात त्याने ठरवून टाकले. आपला चुलतभाऊ गहिनीनाथ याला त्याने बोलावून घेतले. भाता, ऐरण, सांडशी, हातोडी सगळे गहिनीनाथाने न्यायचे. बायनाबाई आणि केसर धर्मापुरीला, तिच्या भावाकडे जाणार. मुंजाजीच्या बायकोने जे बघितले, ते बायनाबाईच्या नशिबी नको, असे त्याचे म्हणणे. गहिनीनाथ मान खाली घालून ऐकत होता. अवजारे बघता बघता त्याने मलाही उचलले, तेव्हा हरिबा चटकन म्हणाला, "घण राहू दे. त्यो मला लागतो."

मित्रांनो, आयुष्यातला सर्वांत मोठा मान मला त्या क्षणी मिळाला असे मला वाटले. हातोडी जाणार, बायको जाणार, पोरगी जाणार, आणि मालकाजवळ उरणार एकटा मी. मी किती नीच झालो होतो, ते बघा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी यायची ठरली. बायनाबाईने वाद घातला नाही, रडारडही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबाने मला खाली ठेवल्याबरोबर तिने मला उचलले, हात ताठ केला आणि उभी राहिली. तिला एकवीस आकडे जमेनात, बाराच जमले. दुपारी परत, संध्याकाळी परत. त्याने जितक्या वेळा उचलले, तितक्या वेळा तिने उचलले. हरिबाला वाटले, बाळंतपणानंतर तिला घण घालायची सवय परत लावायची असेल, भावाच्या गावी काम करावे लागेल म्हणून. मलाही कळेना, ही काय करते आहे ते.

पाचव्या दिवशी दुपारी ती हरिबाच्या पुढ्यात येऊन बसली. चोळीची बाही वर सरकवली आणि म्हणाली, "हात ठेवा हितं."

हरिबाने पंजा तिच्या दंडावर ठेवला. आणि तो दचकला. तिच्या दंडावरची कातडी त्याच्या तळव्याखाली उडत होती.

"कवापासून उडायलंय?" त्याने विचारले.

"परवापासून."

"अन् तू बोललीस कावून न्हाईस?"

"तुमी केलं ते पाच दिस मी केलं," बायनाबाई म्हणाली. "घण धरून उभी राहिले, दिसातून बारा बारा येळा. आता तुमीच सांगा. मला बी मुंजाजीभावजींचा रोग झालाय का? झाला आसंल तर केसरला एकटीलाच गाडीत बसवू, अन् आपून दोघं हितं घण उचलीत बसू."

हरिबाने तिचा दंड दाबून पाहिला, हकीमसाहेबांनी त्याचा पाहिला होता तसा. 

"न्हाई," शेवटी तो म्हणाला. "तुझा दंड दमलाय."

"अन् तुमचा?"

हरिबाने आपल्या दंडावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले. आत केसर जागी होऊन कुरकुरू लागली, तरी दोघेही उठले नाहीत.

त्या दिवसापासून बायनाबाईने एकच नेम घालून दिला. कामाशिवाय घणाला हात लावायचा नाही. भ्याव आले तर येऊ द्यायचे, त्याच्याशी भांडायचे नाही आणि त्याचे ऐकायचेही नाही, भाता ओढत राहायचे. सुतळी तिने सरळ भट्टीत टाकली. गाडी घेऊन आलेल्या गहिनीनाथाला जेवू घालून रिकाम्या गाडीने परत पाठवले.

हे काही एका दिवसात जमले नाही. पहिल्या दिवशी हरिबा तीनदा माझ्यापर्यंत आला. तिसऱ्यांदा त्याची बोटे दांड्याला टेकलीसुद्धा. कपाळावर घाम होता. मी मनात त्याला हाका मारत होतो, उचल, उचल. त्याने बोटे मागे घेतली आणि जाऊन भाता ओढू लागला. एक फाळ लालभडक होईपर्यंत त्याची छाती धडधडत होती, आणि फाळ पाण्यात विझवला तेव्हा ती थोडी शांत झाली होती. दुसऱ्या दिवशी तो दोनदाच आला. मध्ये एकदा घसरला, सकाळपासून चारदा मला उचलले, आणि स्वतःच जाऊन बायनाबाईला सांगितले. ती रागावली नाही. उद्या परत नेम धरू, एवढेच म्हणाली.

दंड उडायचा लगेच थांबला नाही. होळी झाली, पाडवा झाला, तरी अधूनमधून उडायचाच. पण आता तो म्हणायचा, उडतंय तर उडू दे, आणि कामाला लागायचा.

चैत्रातल्या एका सकाळी बायनाबाई पाणी आणायला निघाली आणि केसर ओट्यावर रांगत होती. हरिबा काम थांबवून उठला. मला वाटले, माझ्याकडेच येतो आहे. तो माझ्यावरून पलीकडे गेला, वाकला आणि पोरीला उचलून घेतले. त्याने आकडे मोजले नाहीत. हात ताठ केला नाही. दंडाकडे बघितलेसुद्धा नाही. केसरने त्याची काजळी लागलेली मिशी ओढली आणि तो हसला. मला उचलताना तो एकदाही हसला नव्हता, हे मला तेव्हा आठवले. ज्याला मी माया समजत होतो, ती माया नव्हती.

मी पुन्हा बायनाबाईच्या हातात गेलो. पुढे पुष्कळ वर्षे आम्ही काम केले. हरिबाचे केस पांढरे झाले, केसर भाता ओढू लागली, पंचक्रोशीतल्या किती चाकांवर आम्ही धावा चढवल्या त्याला गणती नाही. आता मी कोपऱ्यात असतो. दांड्याला भुंगा लागला आहे आणि डोक्यावर गंज चढला आहे. कोणाला वेळ झालाच तर मला थोडे तेल लावा, दांडा भिजवून घट्ट करा. अवजाराला त्याहून जास्त काही नको असते.

माणसाला मात्र जास्त हवे असते. मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या आळीत कोणी आपलाच हात चाचपत, आपलीच नाडी बघत बसलेला दिसला, तर त्याला हसू नका. आधी जाणत्या वैद्याकडे घेऊन जा. वैद्याने निर्वाळा दिल्यावरही त्याचे भय गेले नाही, तर त्याच्याजवळ बसा आणि काय बोलायचे ते बोला. हरिबाची मूठ शाबूत आहे हे ठाऊक असूनही मी कितीतरी महिने गप्प राहिलो. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.