लॉटमधलं वाण

शशिकांतरावांनी लवकर निवृत्ती घेतली आणि त्यांच्या अंगात लिलाव शिरला. मुलगा नीरज पुण्याला जाताना मागे ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरपुढे ते सकाळी आंघोळ करून ऑनलाइन बोल्या लावायला बसायचे, ते जेवायलाच उठायचे. दुकानात जाऊन एकेक वस्तू घेणाऱ्यांची त्यांना आता कीव यायची. "लॉटमध्ये घ्यायचं असतं, लॉटमध्ये," असं ते भाईंदरच्या त्यांच्या नव्या 'इंद्रलोक' बिल्डिंगच्या वॉचमनलाही सांगायचे. या शहाणपणापायी त्यांच्या पलंगाखाली बिनकाट्यांची घड्याळं आणि नुसते डाव्या पायाचे गमबूट येऊन पडले होते. पण चूक मालाची, आपली नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं.

अनसूयाबाईंचं दुखणं वेगळं होतं. गिरगावच्या चाळीत दार कधी लागलं नव्हतं, आणि इथे कधी उघडत नव्हतं. वर्ष होत आलं तरी जिन्यातल्या 'कशा आहात'पलीकडे गाडी गेली नव्हती. म्हणून त्यांनी संक्रांतीला अख्ख्या बिल्डिंगीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं ठरवलं. वाण असं लुटायचं की दारं उघडलीच पाहिजेत.

"वाण माझ्यावर सोड," शशिकांतराव म्हणाले.

लिलावाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'वापरलेले स्टीलचे झाकणाचे डबे, उत्तम स्थिती, पूर्ण लॉट.' फोटोत डबे वरून नुसते चकाकत होते. माल जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही, हेही खाली बारीक अक्षरांत होतं; पण बारीक अक्षरं वाचतो तो बोली कसली लावणार? शेवटच्या मिनिटाला कोणीतरी बोली वाढवली आणि शशिकांतरावांना चेव आला. कोण, कुठला, त्याला डबे हवे होते की नाही, देव जाणे. शशिकांतराव जिंकले. बायकोला त्यांनी सांगितलं, "नवे कोरे आहेत, कंपनीतून थेट."

गोणी आल्या तेव्हा अनसूयाबाई तीळ आणायला भाईंदर पश्चिमेला गेल्या होत्या. शशिकांतरावांनी एक डबा उलटा केला. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'कै. काशीनाथ ईश्वर पोतनीस यांच्या स्मरणार्थ, विद्यार्थी वसतिगृहास सप्रेम.' दुसरा उलटा केला. तिसरा केला. गोणीच्या तळापर्यंत काशीनाथराव होते. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे केवढी हौस! ती जन्मभर पाहिलेल्या माणसाला फोटोत बुड दिसत नाही याची शंकासुद्धा येऊ नये, याला काय म्हणावं?

नाव घासून काढायला गाठलेला पॉलिशवाला म्हणाला, "एक-एक घिसना पडेगा, साब. संक्रांत के बाद आओ." बायकोला खरं सांगायला अजून वेळ होता. पण त्यासाठी 'चुकलो' म्हणावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी 'सौ. अनसूयाकडून संक्रांतीच्या शुभेच्छा' अशी स्टिकरं छापून आणली आणि बायको दुपारी पडली की दार लावून एकेका काशीनाथरावाला झाकलं.

हळदीकुंकू झोकात झालं. हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. समोरच्या हंसाबेननी डबा उघडून पाहिला आणि "बहु सरस!" म्हणाल्या. अनसूयाबाईंचा चेहरा कसा फुलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची सुलू डबा घेऊन उभी होती.

"वहिनी, राग मानू नका हं. धुतला तर कागद निघाला. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आमच्या, त्यात हे नाव घरात... नको वाटतं हो."

भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून तिने आत साखर घातली होती. तिच्या मागे तिच्या शेजारच्या मंदाताई होत्या, त्यांच्याही डब्यात साखर होती.

दार लावून अनसूयाबाईंनी डबा उलटा करून नाव वाचलं. "इथे माझं कोणीतरी होईल म्हणून केलं होतं हो मी," त्या रडत म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या हातून कैलासवासी वाटलेत!" मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याच्या हातात रिकामी गोणी दिली. "उरलेले डबे तुम्ही परत आणायचे. आणि दारोदार सांगायचं की वापरलेले होते, नाव तुम्ही पाहिलं होतं आणि हिला ठाऊक नव्हतं."

पहिल्या दारात शशिकांतरावांनी नुसतीच गोणी पुढे केली. दुसऱ्या दारात तोंडातून अर्धं वाक्य फुटलं. पुढे बोलायची गरजच उरली नाही, कारण बातमी त्यांच्या आधी जिना चढत होती. दार उघडायच्या आतच हसू ऐकू यायचं. डबा मिळायचा, वर चमचाभर साखर, आणि "भाऊ, आता काय मागवताय?" हा प्रश्न फुकट.

गोणी ओढत ते घरी आले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. अनसूयाबाईंची समजूत घालायला आलेल्या बायका चहा पीत बसल्या होत्या.

"पण वहिनी, एवढ्या डब्यांचं करणार काय?" सुलूने विचारलं.

"एक ठेवून घेणार," अनसूयाबाई म्हणाल्या. "पोतनिसांचं नाव खोडून ह्यांचं घालणार. 'कै.' तेवढं तसंच ठेवणार."

"अगं, शुभ बोल गं! संक्रांतीचे दिवस आहेत!" मंदाताई ओरडल्या. अनसूयाबाईंनी जीभ चावली, घाईघाईने कपाळाच्या कुंकवाला बोट लावलं आणि त्यांना असं हसू फुटलं की कपातला चहा सांडला. हंसाबेन तर सोफ्यावर आडव्याच झाल्या.

गिरगाव सोडल्यापासून बायकोचं हे हसू शशिकांतरावांनी ऐकलं नव्हतं. दारात उभ्या राहिलेल्या त्यांना फार बरं वाटलं, आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते अंग चोरून स्वयंपाकघरात गेले आणि डब्यांतली साखर काढत बसले.