चौथा प्लग

नळेगाव मागं पडलं आणि गाडी मिसिंग मारायला लागली. माणिकप्पानं पाय सैल केला, पुन्हा दाबला. गाडी ठसका लागल्यासारखी अडखळली आणि तशीच लंगडत लातूरच्या दिशेनं निघाली. शेजारच्या सीटवर शरणम्मा डोळे मिटून बसली होती. एवढे हिसके बसले, पण तिनं डोळे उघडून बघितलं नाही. बघून तरी काय करणार होती? आठवड्यातून तीनदा देवणीहून लातूरला यायचं, मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि संध्याकाळी गळून परत जायचं. वर्ष होत आलं होतं ह्याला. आता गाडी चालली काय आणि थांबली काय, त्यात जीव घालायला तिच्यापाशी जीवच उरला नव्हता.

माणिकप्पाचंही काही वेगळं नव्हतं.

गाडी मुलाची, शिवमूर्तीची. नांदेडला इंजिनीअरिंगला असताना त्यानं ती जुनी विकत घेतली आणि मित्रांच्या नादानं इंजिनाच्या तोंडाशी असलेला मूळचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग काढून तिथं चार वाकडेतिकडे स्टीलचे पाईप बसवून घेतले. त्याला हेडर म्हणतात, त्यानं गाडी मोकळा श्वास घेते, असं तो सांगायचा. मोकळा श्वास म्हणजे गल्लीतली कुत्री उठून पळतील असा आवाज. पुढं शिवमूर्ती पुण्याला नोकरीला लागला, तिथं पार्किंग नाही म्हणून गाडी देवणीला आली, आणि आईचा आजार निघाल्यावर तीच कामाला लागली. साठी उलटलेला माणूस बायकोला दवाखान्यात नेतोय आणि गाडी अशी गर्जतेय की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. सुरुवातीला माणिकप्पाला लाज वाटायची. आता तीही वाटत नव्हती.

शरणम्माला वर वॉर्डात पोचवून त्यानं मुलाला फोन लावला.

"अप्पा, प्लग गेले असतील. बदलून घ्या," शिवमूर्ती म्हणाला. "मीटिंगमध्ये हाय मी. आई कशी हाय?"

"हाय तशीच."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि लगेच मान बाहेर काढली. "मामा, हे पाईप खाली उतरवल्याबिगर शेवटचा प्लग निघायचा न्हाई. बोल्ट गंजल्यात. एखादा तुटला तर गाडी दोन-तीन दिवस सोडावी लागंल."

"परवा पुन्हा यायचंय रे आमाला."

"मग दुसरीकडं बघा."

दुसरीकडं फिरायची ताकद नव्हती. माणिकप्पानं नवे प्लग घेतले, एक आखूड प्लगपाना घेतला आणि गाडी लंगडत दवाखान्याच्या आवारात आणून लिंबाखाली लावली. उभा जन्म ट्रॅक्टर हाकला त्यानं. पण डिझेलच्या ट्रॅक्टरला असले प्लग नसतात. तरी पाना हातात धरता येत होता. इंजिन निवेपर्यंत तो बॉनेट उघडं टाकून फरशीवर बसून राहिला. बसल्या बसल्या डुलकी लागली.

जाग आल्यावर त्यानं काम सुरू केलं. पहिले तीन प्लग रडतखडत का होईना निघाले. काळे पडले होते, तोंडं झिजली होती. चौथा मात्र पाईपाच्या बाकाच्या बरोबर मागं दडून बसला होता. त्याच्यावरची रबरी टोपी पाईपाच्या धगीनं भाजून कडक झाली होती. माणिकप्पानं वरून हात घातला, खालून घातला. रुंद पंजा मनगटापाशीच अडकायचा. तिसऱ्या खेपेला जोर केला तर मनगट पाईपाला टेकलं. वरून निवलेला पाईप आतल्या अंगाला अजून गरम होता. चर्रकन भाजलं. त्यानं हात ओढून घेतला, पाना खाली टाकला आणि बंपरला टेकून उभा राहिला. रडू आलं नाही. तेवढं ते सोपंही नव्हतं. नुसतं वाटलं, इथंच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

"मामा, भाजलं का?"

नळावर डबा धुवायला आलेली वर्षाराणी उभी होती. औशाकडची, तिशीतली बाई. तिचा नवरा दयानंदही त्याच वॉर्डात, शेजारच्या मशीनवर असायचा. बाकड्यावर शेजारी बसून बसून एकमेकांची तोंडं ओळखीची झाली होती, त्यापलीकडं बोलणं नव्हतं.

"हात जाईना आत," माणिकप्पा म्हणाला.

तिनं आत डोकावून बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं. "माझा जाईल की. काय करायचं तेवढं सांगा."

"नको माय, तेल लागंल. गरम हाय."

"मग निवू द्या. मला तरी कुठं जायचंय?"

दोघं पुन्हा थांबले. तिनं ओला रुमाल त्याच्या मनगटावर बांधला. मग पाईपाला हात लावून बघितला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात आत घातला. टोपी हिसडून निघेना, तेव्हा माणिकप्पा म्हणाला, "ओढू नको, पिळ. पिळत पिळत काढ." टोपी निघाली. पाना बसवायला तिला वेळ लागला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपायचं होतं.

काम करता करताच ती म्हणाली, "तुमच्या गाडीचा आवाज आला की वॉर्डात सगळे म्हणतात, आल्या मामी. आमचे मालक तर वाटच बघत असतात. मामी लई बोलतात ना!"

"कोण?" माणिकप्पानं विचारलं.

"मामी. तुमच्या."

माणिकप्पाला आधी वाटलं, हिचा कुणाशी तरी घोटाळा होतोय. घरी शरणम्मा दिवसाला मोजून चार शब्द बोलायची. गाडीत तर तेवढेही नाहीत.

"काय बोलती?"

"काय न्हाई ते इचारा. ते मुदखेडच्या टेशनावरचं सांगितलं तवा तर नर्सबाई हसून हसून बेजार. नव्या नवरीला निजामाबादला न्यायचं म्हणून तुम्ही आदिलाबादच्या गाडीत बसवलंत म्हणं! मग भोकरला उतरून दिवसभर पेरू खात बसलात... निघाला, मामा! निघाला बघा!"

चौथा प्लग तिच्या तळहातावर होता. माणिकप्पानं तो घेतला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. ते भोकरचं स्टेशन तो पार विसरून गेला होता.

नवा प्लग तिनंच हातानं आट्यांवर बसवला, तो सांगेल तसा आधी नुसत्या बोटांनी फिरवला, मग पान्यानं कसला. टोपी बसली. माणिकप्पानं चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली आणि सगळं आवार दणाणून गेलं. वर्षाराणीनं हसत कानावर हात ठेवले आणि डबा उचलून ती वर गेली. तिच्या कोपरापर्यंत काळं तेल माखलं होतं.

दिवस कलताना शरणम्मा खाली आली. नेहमीसारखीच गळून गेलेली, ओठ सुकलेले. त्यानं तिला धरून बसवलं आणि गाडी काढली. आता ती नीट पळत होती, पण आवाज तोच. मैलभर गेल्यावर त्यानं विचारलं, "तू वॉर्डात लई बोलतीस म्हणं?"

तिनं कानाला हात लावला. ऐकू आलं नव्हतं. त्यानं पुन्हा, ओरडून विचारलं. तिनं काहीतरी उत्तर दिलं, ओठ हलले, आणि गाडीच्या आवाजात ते बुडालं.

माणिकप्पानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. एकदम सगळं शांत झालं. पलीकडं तुरीच्या रानात कुणीतरी गुरं हाकत होतं, ते सुद्धा ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तिथं हळू बोललं तरी ऐकू जातं." शरणम्मानं दम घेतला. "ह्या गाडीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागतंय. मशीनवरून उठल्यावर कुठली ओरडायली मी?"

"आन् घरी?"

"घरी आल्यावर तुमी भाकर खाताखाताच झोपताव."

ते खरं होतं.

"ते भोकरचं," तो म्हणाला, "पेरू खाल्ले व्हय आपण?"

"पेरू न्हाई. सीताफळं. ती पोरगी काहीबाही सांगायली." ती किंचित हसली. "तुमी बिया मोजायलाव आन् मी रडायले. मला वाटलं, ह्या माणसाला घरचा रस्ता तरी ठाव हाय का न्हाई."

मग ती सांगत राहिली, थांबत थांबत, मध्ये दम खात. तो ऐकत राहिला. त्याच्या मनगटावरचा रुमाल तिला मध्येच दिसला, तेव्हा तिनं तो सोडून भाजलेलं बघितलं आणि पुन्हा सैल बांधला. त्यानं कसं भाजलं ते सांगितलं. वर्षाराणीचा हात आत कसा गेला तेही सांगितलं.

रात्री शिवमूर्तीचा फोन आला तेव्हा माणिकप्पानं त्याला सांगितलं की जुना बिडाचा भाग गोठ्यात पडलाय, दिवाळीला आलास की तो परत बसव. मुलगा थोडा हिरमुसला, पण हो म्हणाला.

दिवाळी अजून लांब होती. तोवर परतीच्या वाटेवर माणिकप्पा दर खेपेला कुठंतरी गाडी बंद करून थांबायला लागला. कधी शरणम्मा बोलायची. बऱ्याचदा तिच्यात तेवढंही त्राण नसायचं, मग ती काचेला डोकं टेकून झोपायची, आणि तो तिला झोपू द्यायचा.