माझ्याखालचा अहवाल

मित्रांनो, मी एक जुना उत्प्रेरक आहे आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्ताची सुरुवात गोड करायची असते, हे मला ठाऊक आहे. ती तुम्ही एखाद्या छत्रीकडून ऐका.

एका गोदामातल्या खोकी उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीच्या धुराच्या नळीत मला बसवलं होतं. बाहेरून पत्र्याचा डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनमचे कण. ते इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारो रांगेनं उभे राहतील. काम होतं ते धातूच्या पृष्ठभागावर, पोटात नव्हे. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त.

एंजिनातून कार्बन मोनॉक्साइड यायचा. रंग नाही, वास नाही, स्वभाव मात्र खुनी. तो माझ्या कणावर टेकायचा. शेजारी ऑक्सिजन येऊन बसायचा, त्याची जोडी तिथेच फुटायची, त्यातला एक अणू कार्बन मोनॉक्साइडला बिलगायचा आणि दोघं कार्बन डायऑक्साइड होऊन मुकाट्यानं निघून जायचे. जागा रिकामी, पुढचे या! एवढी लग्नं जुळवली, पण एकाही पंगतीत मी जेवलो नाही. होतो तसाच राहिलो.

अट एकच. थंड असताना मला काम जमत नाही. कार्बन मोनॉक्साइड सगळ्या जागा अडवून बसतो आणि ऑक्सिजनला टेकायला कोपरा उरत नाही. मी तापलो, की तो उठू लागतो. म्हणून फोर्कलिफ्ट चालवणारे काका रोज सकाळी गाडी दाराबाहेर सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवत, मगच आत आणत. दाराशी खोकी बांधणाऱ्या मावशी ओरडत, "झाली का तुमची लाडकी गरम?"

"तुम्ही लगेच तापता, तिला वेळ लागतो!"

मग नवे साहेब आले. त्यांच्याकडे घड्याळ होतं.

"दहा मिनिटं गाडीला ऊन खायला घालता? उद्यापासून आतच सुरू करा."

"साहेब, तिथे मावशी बसतात."

"मग? त्या काय गाडीला लाजतात?"

मावशींचं डोकं दुखू लागलं. साहेब म्हणाले, चष्म्याचा नंबर तपासा. मळमळू लागलं. साहेब म्हणाले, नाश्ता करून येत जा. काका म्हणाले, प्लग गेलाय, एंजिन ठोके चुकवतंय. साहेब म्हणाले, बघू. ते बघेपर्यंत न जळलेलं इंधन माझ्यात येऊन जळू लागलं. मी लालबुंद झालो. माझे कण जागचे सरकले, एकमेकांना चिकटले, त्यांचे गोळे झाले. धातू तेवढाच राहिला, पृष्ठभाग गेला. वजन आहे आणि काम नाही, अशांना बढती मिळते. मला शिव्या मिळाल्या.

एके सकाळी मावशी खोक्यावरच कोसळल्या. काकांनी एंजिन बंद केलं आणि त्यांना ओढत उघड्यावर आणलं.

"मावशी, डोळे उघडा! शिव्या द्या मला, पण बोला!"

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर मावशी बोलल्या. शिवीच दिली. काका रडले.

चौकशी झाली. मेकॅनिकने डबा कापून माझी जाळी बाहेर काढली. अहवालात लिहिलं, 'उत्प्रेरक जुना झाल्यामुळे अपघात.' दहा मिनिटांचा त्यात उल्लेख नाही, प्लगचा नाही, घड्याळाचा तर नाहीच. साहेबांना माझी नक्षी आवडली. आता मी त्यांच्या टेबलावर त्याच अहवालावर ठेवलेला आहे, कागद उडू नयेत म्हणून.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, माझी कीवही करू नका. जो तुमच्यासाठी विष गिळतो, त्याला तापायला वेळ द्या, आणि ज्याचं डोकं दुखतंय त्याला आधी मोकळ्या हवेत न्या. चष्मा नंतर.

आज सकाळी खिडकीतून पाहिलं. गाडीला नवा डबा बसलाय. काका ती दाराबाहेर सुरू करून हाताची घडी घालून उभे होते. साहेबांनी खिडकीतून घड्याळ दाखवलं. कामावर परतलेल्या मावशींनी आपलं स्टूल उचललं, दाराच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"आणायचीय ना आत? या, स्वतः चालवा. माझ्या अंगावरून आणा!"

साहेबांचा हात खाली आला. ते माझ्याकडे बघत बसले.

बघा म्हटलं. दहाच मिनिटं लागतात.