नोंदवहीतला मंगळवार

अकरा वर्षांत त्या नोंदवहीत एकही खाडाखोड नव्हती. त्याआधी एकदा एक आकडा चुकला म्हणून बंदुकांच्या दुकानाचा परवाना तीन महिने लटकला होता आणि दुकानदाराने त्याचा जो धसका घेतला तो घेतलाच. आलेलं प्रत्येक परिपत्रक तो भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवी. जुनं काढून टाकायची सोय नव्हती, कारण कुठलं रद्द झालं आणि कुठलं चालू आहे, हे पाठवणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं.

त्या मंगळवारी भरदुपारी घड्याळजींची बायको आली. घड्याळजी दुकानदाराचा शाळेपासूनचा दोस्त. हाताला कंप सुटल्यापासून त्याचं घड्याळदुरुस्तीचं काम बंद पडलं होतं. वहिनींच्या काखेत चादरीत गुंडाळलेली त्याची बंदूक होती.

“ही तुमच्याकडे ठेवून घ्या, भावजी. हे जेवत नाहीत, बोलत नाहीत, नुसते कपाटाकडे बघत बसतात. मला भीती वाटते हो.”

लोकांच्या बंदुका सांभाळायला ठेवणं हे तर दुकानाचं नेहमीचंच काम. पण दुकानदाराचा हात पुढे आला नाही, तो खिळ्याकडे गेला. एक परिपत्रक सांगत होतं, घरातलं कुणीही बंदूक जमा करू शकतं. त्यानंतरचं सांगत होतं, फक्त परवानाधारकाने, स्वतः येऊन. तिसऱ्यात म्हटलं होतं, आधीच्या सूचना जिथे लागू असतील तिथे लागू राहतील. हे वाक्य लिहिणाऱ्याला एक दिवस या काउंटरमागे उभं करायला हवं होतं!

त्याने परवाना कार्यालयात फोन लावला.

“लेखी अर्ज करा,” कारकून म्हणाला. “पंधरा दिवसांत उत्तर येईल.”

“अहो, बाई समोर उभ्या आहेत.”

“मग घ्या ठेवून.”

“तसं लिहून द्याल?”

“मी कशाला लिहून देऊ? परवाना तुमचा आहे.”

दुकानदाराने फोन ठेवला. “त्यालाच घेऊन या ना, वहिनी. फक्त सहीपुरतं.”

“ते आले असते तर मी अशी चोरून आणली असती का?”

खरं तर वहिनींनी परवान्याशिवाय ती बंदूक दोन गल्ल्या आणली, हाच गुन्हा होता. परत नेणं हा दुसरा. म्हणजे नियम काहीही केलं तरी मोडणारच होता. दुकानदाराला हे लख्ख कळत होतं. फरक एवढाच, की बंदूक ठेवून घेतली तर ते वहीत दिसणार होतं आणि परत पाठवली तर कुठेच दिसणार नव्हतं. भल्या माणसाने दुसरा गुन्हा निवडला.

“मागच्या दाराने जा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली लपवा. मी रविवारी येतो, त्याला समजावतो.”

वहिनींनी चादर नीट केली. त्या गेल्यावर दुकानदाराने कार्यालयाला लेखी अर्ज पाठवून दिला.

शनिवारी सकाळी घड्याळजींनी ती बंदूक स्वतःवर चालवली.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचं उत्तर आलं. कुटुंबीयांकडून बंदूक ठेवून घेण्यास हरकत नाही. त्याच महिन्यात तपासणीही झाली. साहेबांनी वही उलटसुलट पाहिली, शेरा मारला, “नोंदी अत्यंत चोख,” आणि पाठ थोपटली. त्या दिवशी दुकानदाराला स्वतःचीच शिसारी आली.

पोलिसांची चौकशी संपल्यावर वहिनी पुन्हा आल्या. बंदूक तीच. सोबत वारसाचा दाखला, चौकीचं पत्र, सगळ्याच्या तीन-तीन प्रती.

“आता चालेल ना, भावजी?”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

“चालेल,” तो म्हणाला आणि वही उघडली. बंदुकीचा क्रमांक लिहिला, ठेवणाऱ्याचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. वही सहीसाठी त्याने वहिनींपुढे सरकवली.

वहिनी थांबल्या. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. “भावजी, ही तर त्या मंगळवारची आहे.”

दुकानदाराने पाहिलं. खरंच होतं. त्याने त्या तारखेवर एक आडवी रेघ मारली, वर आजची तारीख घातली आणि नियमात सांगितल्याप्रमाणे बाजूला स्वतःची छोटी सही केली.